शिवेपलीकडचा खलनायक

शीव स्टेशनच्या पाटीवर मराठीत ‘शीव’ लिहिलेलं असतं. टॅक्सीवाल्याला मात्र ‘शीव’ म्हटलं तर तो दोनदा विचारतो. ‘सायन’ म्हटलं की मुकाट्याने मीटर टाकतो. या नावाचा अर्थ आता फारसा कुणाच्या ध्यानात येत नाही. शीव म्हणजे हद्द. गावाची शीव ओलांडली की पुढचा मुलूख परका. टेकडीवरचा किल्ला इंग्रजांनी १६६९ ते १६७७ या काळात, जेरार्ड आंजियर गव्हर्नर असताना बांधला, तो याच हद्दीवर नजर ठेवायला. खाली खाडी, पलीकडे पोर्तुगीजांची साष्टी. १७३७मध्ये मराठ्यांनी साष्टीत मुसंडी मारली आणि त्याच वर्षी इंग्रजांनी धारावीत काळा किल्ला उभा केला. १७७४च्या अखेरीस साष्टी इंग्रजांच्या हाती गेली. मधली सदतीस वर्षं या किल्ल्यावरच्या पहारेकऱ्याला खाडीपलीकडचा परकी शत्रू म्हणजे मराठी माणूस होता.

हे सगळं आठवलं ते सिनेमामुळे. परदेशात घडणारा गुन्हेपट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दुबई, बँकॉक, नैरोबी येतात. पण लंडनच्या प्रेक्षकाला परदेश म्हणजे धारावीचा नव्वद फुटी रस्ता. चेन्नईच्या प्रेक्षकालाही तो भाषेने परकाच. आणि वांद्रे-जुहूच्या हिंदी निर्मात्याला? त्याच्या ऑफिसपासून धारावी दहा किलोमीटरवर असेल-नसेल, तरी तिचं चित्रण तो कित्येकदा दुसऱ्या देशात गेल्यासारखंच करतो. गेल्या चाळीस-बेचाळीस वर्षांत शीव, धारावी, वडाळा, माटुंगा, लालबाग-परळ या पट्ट्यावर जेवढे गुन्हेपट झाले तेवढे देशातल्या क्वचितच एखाद्या भागावर झाले असतील. वेगवेगळ्या मुलखांतले कॅमेरे इथे आले. त्यांना इथे कोण दिसलं, कुणाला त्यांनी चोर ठरवलं, कुणाला पोलीस, आणि कोण दिसूनही दिसलं नाही, याचा हा आढावा.

मोजमापासाठी मी तीन साध्या खुणा धरल्या आहेत. पात्राला आडनाव आहे का? परका माणूस समोर नसताना ते कोणत्या भाषेत बोलतं? आणि त्याचं घर पडद्यावर दिसतं का? सिनेमात अमुक जातीचे-धर्माचे किती चेहरे आहेत याची शिरगणती करण्यापेक्षा या तीन गोष्टी जास्त सांगून जातात, असा माझा अनुभव आहे.

आधी जागा पाहू

स्टेशनवरून धारावीच्या बाजूला बाहेर पडून चालत निघालं तर अर्ध्या तासात चार-पाच भाषा कानावर पडतात. गजरे विकणारी बाई गिऱ्हाइकाशी हिंदीत आणि शेजारणीशी तमिळमध्ये बोलते. कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांच्या भट्ट्यांत चिंध्या जळत असतात. तिथली घरची भाषा गुजराती. चामड्याच्या धंद्यात तमिळ मुसलमान आणि उत्तरेकडचे कारागीर. तेरा कंपाउंडात प्लॅस्टिकची वर्गवारी. या सगळ्यांच्या आधीपासून असलेला धारावी कोळीवाडा एका कडेला. शीवच्या दुसऱ्या अंगाला फाळणीनंतर वसलेली सिंधी-पंजाबी निर्वासितांची वसाहत, पलीकडे माटुंग्याचे तमिळ आणि कच्छी, मध्ये माटुंगा लेबर कॅम्प. या लेबर कॅम्पात वाढलेल्या बाबुराव बागुलांनी १९६३ साली ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह दिला. गुन्हा, भूक आणि जात ही एकाच चुलीवर कशी शिजतात ते त्यात लिहून ठेवलेलं आहे.

म्हणजे सिनेमावाल्याला इथे वैविध्य आयात करायची गरज नाही. ते रस्त्यावर सांडलेलं आहे. कॅमेऱ्याने त्यातलं काय उचललं, एवढाच प्रश्न.

हिंदी कॅमेरा: आडनाव दिलं, भाषा घेतली

सुरुवात ‘अर्धसत्य’पासून करावी लागते. १९८३चा हा चित्रपट श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवर बेतलेला, पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन गोविंद निहलानींचं. त्यातलं पोलीस खातं बघा: अनंत वेलणकर, हैदर अली, माईक लोबो. तीन धर्मांची तीन आडनावं, आणि वेलणकरच्या मागे निवृत्त हवालदार असलेला जुलमी बाप. मुंबईच्या पोलीस ठाण्याचा इतका खरा पट हिंदीत त्याआधी क्वचितच दिसला होता. तरीही दोन जुन्या सवयी त्यातून सुटल्या नाहीत. ख्रिस्ती अधिकारी दारूत बुडालेला. आणि शहर पोखरणारा गुंड-पुढारी रामा शेट्टी, म्हणजे दक्षिणेकडून आलेला. तो साकारला अहमदनगरच्या सदाशिव अमरापूरकरांनी, आणि असा साकारला की नंतर कित्येक वर्षं हिंदी पडद्यावरचा ‘अण्णा’ लुंगी नेसूनच आला.

दाक्षिणात्याचं दुसरं रूप १९९०च्या ‘अग्निपथ’मध्ये सापडतं: शहाळी विकणारा कृष्णन अय्यर. मिथुन चक्रवर्तींनी रंगवलेला हा माणूस मनाने चांगला, पण बोलण्याने गमतीचा. खलनायक नाही, तर विदूषक. बावीस वर्षांनी, २०१२मध्ये, त्याच चित्रपटाची नवी आवृत्ती निघाली तेव्हा कृष्णन अय्यर गायब झाला आणि मुली विकणारा रौफ लाला नव्याने आला. या एका अदलाबदलीत दोन दशकांचा इतिहास आहे. नव्वदच्या आसपास शहराला परका वाटणारा माणूस तमिळ होता. २०१२पर्यंत ती जागा मुसलमानाला मिळाली होती. खुर्ची तीच, बसणारा बदलला.

मराठी माणसाला हिंदी गुन्हेपटाने तुलनेने बरं वागवलं. जुलै १९९८मध्ये आलेल्या ‘सत्या’तला भिकू म्हात्रे हा आगरी-कोळी वळणाच्या आडनावाचा गुंड. त्याला बायको आहे, मुली आहेत, घरात भांडणं आहेत. बायको प्यारीच्या हातची थप्पड खाऊन हसणारा गुंड आधी कुणी दाखवला नव्हता. उलट ज्याच्या नावाने चित्रपट आहे त्या सत्याला आडनाव नाही, गाव नाही, भूतकाळ नाही. प्रेक्षकांनी कुणाला लक्षात ठेवलं ते सगळ्यांना माहीत आहे. पुढच्याच वर्षी महेश मांजरेकरांच्या ‘वास्तव’मध्ये रघुनाथ नामदेव शिवलकर आला. पावभाजीची गाडी, चाळीतलं घर, शिवाजी साटम आणि रीमा लागू यांच्यासारखे आईबाप. माझ्या तीनपैकी दोन खुणा इथे भरभरून आहेत.

तिसरी नाही. भिकू बायकोशी हिंदीत बोलतो आणि रघूही आईशी हिंदीतच बोलतो. बाजाराचा नियम म्हणून हे समजण्यासारखं आहे. पण ज्या घरात देव्हारा, पाट आणि चहाची किटली बिनचूक मांडलेली असते, तिथे भाषाच तेवढी भाड्याने आणलेली वाटते.

‘शूटआउट अ‍ॅट वडाळा’ (२०१३) याबाबतीत बोलका आहे. मन्या सुर्वे हा दादरच्या कीर्ती कॉलेजात शिकलेला, पदवी घेतलेला मराठी मुलगा. ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्याच्या आंबेडकर कॉलेजजवळ पोलिसांनी त्याला गोळ्या घातल्या. मुंबईतली पहिली नोंदलेली चकमक म्हणून ती सांगितली जाते. सिनेमात मन्या झाला जॉन अब्राहम. अभिनेता कुठला आहे याला माझा आक्षेप नाही. भिकू म्हात्रे बिहारच्या मनोज बाजपेयींनी केला आणि त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कारही घेतला. आक्षेप वेगळा आहे. शिकलेला गिरणगावचा मुलगा बंदुकीकडे का वळला, याचं उत्तर त्या काळच्या परळ-लालबागमध्ये होतं. वडाळ्याच्या चकमकीनंतर बरोबर आठवड्याने, १८ जानेवारी १९८२ला, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. एका आठवड्यातल्या या दोन घटनांपैकी हिंदी गुन्हेपटाने कोणती उचलली आणि कोणती सोडली, हे वेगळं सांगायला नको.

तमिळ कॅमेरा: केळकर आणि हरी दादा

आता किल्ल्याच्या दुसऱ्या बाजूने पाहू. ‘अर्धसत्य’मध्ये रामा शेट्टी आला त्यानंतर चारच वर्षांनी, १९८७मध्ये, मणिरत्नम यांचा ‘नायकन’ आला. वरदराजन मुदलियार या माटुंगा-धारावी भागातल्या खऱ्या माणसाच्या आयुष्यावर तो बेतलेला. कमल हासनचा वेलू नायकर इथे गुंड नाही. भाषा न कळणाऱ्या शहरात आपल्या माणसांसाठी उभा राहिलेला आधार आहे. धारावीची वस्ती मद्रासच्या स्टुडिओत तोट्टा तरणी यांनी उभी केली आणि कलादिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. या सिनेमात क्रूर कोण? इन्स्पेक्टर केळकर. वेलू त्याला मारतो, पश्चात्तापाने त्याच्या मतिमंद मुलाला सांभाळतो आणि शेवटी त्याच मुलाच्या गोळीने मरतो.

मराठी प्रेक्षकाने हा चित्रपट एकदा मुद्दाम पाहावा. आपल्या पडद्यावर शेट्टी जसा दिसतो तसा त्यांच्या पडद्यावर केळकर दिसतो. वेगळ्या लिपीत लिहिलेलं तेच वाक्य. गंमत म्हणजे वर्षभराने फिरोज खाननी याची हिंदी आवृत्ती ‘दयावान’ काढली, तेव्हा केळकरांचा रतन सिंग झाला. मुंबईत चालवायच्या सिनेमात मराठी इन्स्पेक्टरला खलनायक करणं परवडणारं नव्हतं, असा तर्क कुणीही बांधू शकेल. एवढं खरं, की खलनायकाची जात-भाषा गोष्टीच्या गरजेने ठरत नाही. तिकीट कुठे विकायचं आहे त्यावर ती ठरते.

‘काला’ (२०१८) हा या रांगेतला सगळ्यात गुंतागुंतीचा चित्रपट. दिग्दर्शक पा. रंजित, जागा धारावी, नायक तिरुनेलवेलीच्या मुळांचा करिकालन, आणि जमिनीवर डोळा ठेवून असलेला पुढारी हरी दादा म्हणजे नाना पाटेकर. मराठी प्रेक्षक इथे थोडा अवघडतो, आणि अवघडावं. पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला, ‘स्वच्छ’ शहराची भाषा करणारा तो माणूस आपल्या ओळखीचा आहे. पण रंजित यांनी गोष्ट तमिळ विरुद्ध मराठी अशी ठेवलेली नाही. नाशिकच्या अंजली पाटील यांची पुयल ही मराठी मुलगी वस्तीच्या लढ्यात सगळ्यांत पुढे आहे. भिंतींवर बुद्ध आणि बाबासाहेब आहेत. भांडण भाषांचं कमी आणि जमिनीचं व जातीचं जास्त, असा त्याचा पक्ष आहे. धारावीच्या पुनर्विकासाचं आज जे काही चाललं आहे ते पाहता तो पक्ष काल्पनिक म्हणता येणार नाही.

याच्यावर कडी म्हणजे करिकालन साकारणारा रजनीकांत. मराठी पुढाऱ्याविरुद्ध धारावीच्या तमिळांसाठी उभा राहणारा हा नट जन्माने शिवाजीराव गायकवाड, बंगळूरच्या मराठी कुटुंबातला. माटुंग्याच्या अरोरा थिएटरात त्याच्या कटआउटला दुधाची आंघोळ घालणाऱ्या तमिळ पोरांना हे ठाऊक असतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नाही. ओळख जन्मातच अडकलेली असते असं मानणाऱ्यांनी या एका माणसापाशी थोडं थांबावं.

विलायती कॅमेरा: नाव गेलं, रंग आला

परदेशी दिग्दर्शकाबद्दल बोलताना आपण एकतर हुरळतो किंवा चिडतो. ‘स्लमडॉग मिलेनियर’च्या वेळी दोन्ही झालं. डॅनी बॉयलचा हा चित्रपट २००८चा. २००९च्या फेब्रुवारीत त्याला आठ ऑस्कर मिळाले. भारतात तो जानेवारीत लागला तेव्हा शीर्षकातल्या कुत्र्यावरून मोर्चे निघाले. मला मोर्चापेक्षा एक छोटी गोष्ट जास्त टोचते. विकास स्वरूप यांच्या ‘क्यू अँड ए’ या मूळ कादंबरीत नायकाचं नाव राम मोहम्मद थॉमस आहे. अनाथ पोराचा धर्म कुणाला ठाऊक नाही म्हणून तिन्ही नावं त्याला चिकटलेली. सिनेमात तो जमाल मलिक झाला, दंगलीत आई गमावलेला मुसलमान मुलगा. पटकथेला त्याने नेमकी धार आली हे मान्य. पण तीन धर्मांचं ते नाव या शहराचं सगळ्यात अचूक वर्णन होतं, आणि पटकथेत त्याचाच पहिला बळी गेला.

भाषेच्या बाबतीत बॉयलने सुरुवातीला बरं काम केलं. चित्रपटाचा साधारण तिसरा हिस्सा हिंदीत आहे. वस्तीतली खरी मुलं हिंदीतच धावतात-भांडतात. मुलं मोठी होतात आणि एकमेकांशी इंग्रजी बोलू लागतात. नायक देव पटेल लंडनचा. गुंड जावेदच्या भूमिकेत महेश मांजरेकर. या मुंबईत मराठी कानावर पडावी लागते ती पोलीस ठाण्यात, रेल्वेत, शाळेत. तिथे ती जवळपास नाहीच.

त्याच्या वीस वर्षं आधी मीरा नायर यांनी ‘सलाम बॉम्बे’ (१९८८) केला होता. रस्त्यावरच्या मुलांबरोबर आधी कार्यशाळा घेतली, मग त्यांच्याच बोलीतून संवाद बसवले, आणि पुढे त्या मुलांसाठी सलाम बालक ट्रस्ट उभा राहिला. तोही बाहेरून आलेलाच कॅमेरा होता. पण शिवेवर थांबून नजर टाकणं आणि शीव ओलांडून मुक्काम करणं यांत फरक असतो. दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिले की तो कुणी समजावून सांगावा लागत नाही.

त्यानंतर मात्र विलायती गुन्हेपटाला जागेची गरजच उरली नाही. ‘एक्स्ट्रॅक्शन’ (२०२०) ज्या चित्रकथेवर बेतला ती दक्षिण अमेरिकेतल्या पॅराग्वेत घडते. सिनेमात गाव बदलून ढाका झालं आणि चित्रीकरणाचा बराच भाग अहमदाबादेत झाला. पडद्यावर सगळीकडे पिवळट धूळ. उष्ण, गरीब देश दाखवायचा की हॉलिवूड हा पिवळा रंग काढतं, मग तो देश मेक्सिको असो की बांगलादेश. ‘शांताराम’ या कादंबरीतला नायक महाराष्ट्रातल्या खेड्यात राहतो, मराठी शिकतो आणि शांताराम हे नाव त्याला त्याचा मित्र प्रभाकर याची आईच देते. २०२२ची मालिका बरीचशी थायलंडमध्ये चित्रित झाली, आणि प्रभाकरची भूमिका एका ब्रिटिश नटाकडे गेली. देव पटेलने स्वतः दिग्दर्शित केलेल्या ‘मंकी मॅन’मध्ये (२०२४) तर शहराचं नावच काल्पनिक आहे, चित्रीकरण इंडोनेशियातल्या बातामचं. मकरंद देशपांडे आणि अश्विनी काळसेकर त्यात आहेत, हिजड्यांचा एक अख्खा समाज त्यात लढवय्या म्हणून उभा आहे, आणि हा चित्रपट भारतातल्या थिएटरांत आलाच नाही.

आपण शीव ओलांडतो तेव्हा

तक्रार करणाऱ्याने आरशातही पाहावं. आपला गुन्हेपट परदेशात जातो तेव्हा तो काय करतो? राम गोपाल वर्मांचा ‘कंपनी’ (२००२) हा याचा उत्तम नमुना. चंदू नागरे हा मुंबईच्या गल्लीतला मुलगा. सीमा बिस्वास त्याची आई. धंद्यापाठोपाठ गोष्ट हाँगकाँग आणि केनियापर्यंत जाते. चंदूची आई, त्याची बायको, त्याची खुन्नस सगळं नेमकं आहे. पण केनियाचा माणूस? तो पाठलागात बाजूला होणारा, नाहीतर वर्दीत बंदूक रोखणारा. त्याला आडनाव नाही, घर नाही, भाषा तर नाहीच. ‘सेक्रेड गेम्स’ या मालिकेचा दुसरा भाग (२०१९) मुंबईचा गुंड गणेश गायतोंडे याला मोम्बासाला नेतो, तेव्हाही फार वेगळं घडत नाही. बॉयलने आपल्याशी जे केलं म्हणून आपण ओरडतो, तेच आपण आफ्रिकेशी बिनदिक्कत करतो.

‘डी-डे’ (२०१३) कराचीत घडतो. ती कराचीही गुजरातेत उभी केलेली. शीवच्या निर्वासित वसाहतीत मात्र कराची हे कुणाच्या तरी आजोबांच्या घराचं नाव आहे. तिथे बेकरी होती, शाळा होती, समुद्रावरचं फिरणं होतं. आपल्या गुन्हेपटांतल्या कराचीत अतिरेकी आणि हेर सोडले तर कुणी राहत नाही. ज्या शहराची आठवण काढून म्हाताऱ्यांचे डोळे भरतात ते शहर असं ओसाड दाखवणं हीसुद्धा प्रतिनिधित्वाचीच चूक आहे, जरी तिच्यावरून मोर्चा निघणार नसला तरी.

काटेकरचं घर

एवढ्या सगळ्यात काही बदललं का? बदललं, आणि ते नायक-खलनायकांत नव्हे, कडेच्या माणसांत. हिंदी सिनेमातला हवालदार हा कायम पोट सुटलेला, पान खाणारा, ‘साहेब, साहेब’ करत मागे पळणारा मराठी माणूस. २०१८च्या ‘सेक्रेड गेम्स’ने काटेकर दिला. जितेंद्र जोशींनी केलेला हा हवालदार साहेबापेक्षा शहर जास्त ओळखतो. त्याला डोक्यात राख घालून घेण्याची सवय आहे, मुसलमानांबद्दलचे पूर्वग्रह आहेत, कर्तव्याची चाड आहे. आणि तो रात्री घरी जातो. छोट्याशा खोलीत बायको शालिनी (नेहा शितोळे) त्याच्याशी मराठीत बोलते. तो मराठीतच चिडतो आणि मराठीतच समजूत काढतो. तिन्ही खुणा एका पात्रात, त्याही एकशे नव्वद देशांत दिसणाऱ्या मालिकेत. काटेकर मरतो तेव्हा प्रेक्षकाला बसणारा धक्का बंदुकीचा किंवा चाकूचा नसतो. ती खोली आपण पाहिलेली असते.

त्याच मालिकेतली कुक्कू ही तृतीयपंथी व्यक्तिरेखा मात्र कुब्रा सैत या स्त्रीने केली. १९९१च्या ‘सडक’मधल्या महाराणीपासून, जी पुन्हा अमरापूरकरांनीच साकारली होती, हा रस्ता लांब आला आहे. महाराणीला पाहून प्रेक्षक घाबरायचा. कुक्कूसाठी तो हळहळतो. तरी ज्यांची गोष्ट आहे त्यांना कॅमेऱ्यासमोर उभं करायला आपण अजून कचरतो.

दलित माणसाची अवस्था याहून विचित्र. मुंबईच्या गुन्हेपटात वस्ती दिसते, मोर्चा दिसतो, गटार दिसतं. कांबळे, गायकवाड, साळवे ही आडनावं जवळपास ऐकू येत नाहीत. जयवंत दळवींच्या कादंबरीवरच्या ‘चक्र’ने (१९८१) झोपडपट्टीतलं जगणं दाखवून स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. ‘अधांतर’ या जयंत पवारांच्या नाटकावरून मांजरेकरांनी २०१०मध्ये ‘लालबाग परळ’ केला आणि संपाने मोडलेल्या घरातून गुंड कसा निघतो ते सांगितलं. पण जातीचं नाव घेऊन बोलला तो चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४).

‘कोर्ट’ थ्रिलर नव्हे. पण गुन्हा, आरोपी, तपास, खटला सगळं त्यात आहे. वीरा साथीदार यांचे नारायण कांबळे, मॅनहोलमध्ये मेलेला सफाई कामगार, गुजराती बचाव वकील, मराठी सरकारी वकील, सदावर्ते न्यायाधीश. प्रत्येकाला आडनाव आणि प्रत्येकाला घर. बचाव वकील सुपरमार्केटात चीज घेतो. सरकारी वकील नूतन लोकलने घरी जाते, स्वयंपाक करते आणि रविवारी कुटुंबासह मराठी नाटकाला जाते. त्या नाटकात उत्तर भारतीय मुलाला हाकलून देण्याचा प्रसंग असतो आणि सगळं प्रेक्षागृह टाळ्या पिटतं. नूतनही खळखळून हसते. दिवसभर कांबळेंना आत ठेवायला भांडलेली ही बाई दुष्ट नाही, साधी आहे, आपल्या शेजारची आहे. परक्याला शिवेबाहेर काढण्यातला आनंद किती घरगुती असतो हे त्या टाळ्यांतून जितकं कळतं, तितकं दहा शूटआउटांतून कळत नाही.

एक आक्षेप

गुन्हेपट ही जनगणना नव्हे, त्यात सगळ्यांना वाटणी कशाला हवी, असं म्हणणारे असतात. त्यांचं अर्ध खरं आहे. यादी घेऊन पात्रं भरली की शासकीय माहितीपट होतो, आणि खलनायक कुठल्यातरी समाजाचा असणारच. कुठल्याही समाजाला ‘आमच्यात गुंड नाहीत’ असं म्हणत पडदा फाडायचा हक्क नाही. पण वर ज्या चित्रपटांना गुण दिले ते नुसते न्याय्य आहेत म्हणून नव्हे. भिकू, काटेकर, वेलू नायकर, नूतन ही माणसं टिकली, कारण त्यांना घडवणाऱ्यांनी चौकशी करायचे कष्ट घेतले. रौफ लाला, केनियातली बिननावाची माणसं आणि पिवळ्या धुळीतलं ढाका पुसट झालं, कारण तिथे कष्ट वाचवले. वैविध्य हा इथे सौजन्याचा नव्हे, कारागिरीचा प्रश्न आहे.

म्हणून निकाल असा: हिंदी कॅमेऱ्याने मराठी माणसाला आडनाव आणि घर दिलं, भाषा नाकारली, आणि परक्याची खुर्ची तमिळाकडून काढून मुसलमानाला दिली. तमिळ कॅमेऱ्याने तीच खुर्ची मराठी माणसाला दिली, पण ‘काला’पर्यंत येताना जातीबद्दल बोलायला तो शिकला. विलायती कॅमेरा नाव आणि गाव दोन्ही बदलून मोकळा झाला. मराठी कॅमेरा सर्वांत जवळ उभा आहे आणि त्याने सर्वांत कमी काम केलं आहे. लेबर कॅम्प, कुंभारवाडा, निर्वासितांची वसाहत, माटुंगा आणि कोळीवाडा या पाच ठिकाणची घरची बोली एकाच गोष्टीत खरी ऐकू येईल, असा मराठी गुन्हेपट माझ्या पाहण्यात नाही. त्यासाठी बाताम किंवा अहमदाबाद गाठायला नको. शीव स्टेशनला उतरायचं, आणि अर्धा तास चालायचं.